सावलीत बसून हरवलेली सेमीफायनल

हसायचं ते शेवटी हसा, मधेच हसलात तर पुढचं सांगणार नाही. माझ्या सख्ख्या बहिणीच्या टीमला मी हरवलं. कोर्टवर पाय न ठेवता. पायरीवर बसून, शेंगदाणे खात.

प्रणालीताईचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. मुलींच्या बास्केटबॉलची सेमीफायनल. ही जिंकली की फायनल, आणि फायनल बघायला विद्यापीठाची टीम निवडणारे येणार. म्हणजे ताईसाठी आज नाही तर कधीच नाही. घरातून दोघंच गेलो, मी आणि मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. बास्केटबॉलमधलं त्यांना इतकंच कळतं की त्या टोपलीला बूड नसतं.

ऊन असं, की ताईच्या कॉलेजची बाजू भाजून निघत होती. समोर कडुलिंबाची सावली. मोठे बाबा सरळ तिकडे चालू लागले, मागे मी. नागपूरचा माणूस सावली बघतो, बाजू बघत नाही.

बसल्या बसल्या त्यांचं सुरू. या पोट्टीची चड्डी केवढी, ती जाडी किती, आणि हिच्याशी लग्न कोण करेल. मागे त्यांच्याच वयाचे दोन काका होते, ते खी खी हसले. माझं डोकं फिरलं. यांना स्वतःला जिना चढवत नाही, पण वीस वर्षांच्या पोरी कशा पळतात यावर यांचं मत तयार!

म्हटलं, "मोठे बाबा, अंगावर नाही, कपड्यावर नाही, लग्नावर नाही. टीका करायची तर खेळावर करा."

"मले काय समजते गा खेळातलं? तूच सांग, कशी करतात ते."

झालं. मागच्या काकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात मी वर्गच घेतला. उदाहरणाला ताईच घेतली, म्हणजे मी घरच्यांनाही सोडत नाही हे दिसावं. चार नंबर बघा, म्हटलं. वेग आहे, नजर आहे, पण जाते फक्त उजवीकडून. डाव्या हाताने ड्रिबलची बोंब. डावीकडे ढकला, बॉल सुटलाच समजा.

पुढच्या खुर्चीवर टोपी घातलेल्या एक बाई मान डोलवत होत्या. वहीत लिहूनही घेत होत्या. बघा, शिकलेल्या माणसाला फरक कळतो! मी आणखी फुललो.

बाई वळल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "आणि दमल्यावर काय करते रे ती?"

इतक्या आदराने घरात मला कधी कोणी काही विचारलंय का? सांगून टाकलं. दमली की न बघता सात नंबरला पास देते. दर वेळी. डोळे मिटून अडवा.

बाई उठल्या आणि त्यांनी टाइमआउट मागितला.

प्रेक्षकाला टाइमआउट मागता येत नाही, हे मला तेव्हा आठवलं. बाई समोरच्या टीमच्या कोच होत्या.

पुढचं काय सांगू? ताईच्या उजवीकडे दोन पोट्ट्या भिंतीसारख्या. ताई डावीकडे, बॉल गेला. पुन्हा डावीकडे, पुन्हा गेला. दमली, सात नंबरला पास, मधेच एक हात हजर. आमची आठ पॉइंटची आघाडी वितळली. मी घाबरून खोटं सांगू लागलो, चार नंबर मुळात डावखुरी आहे हो! आता कोण ऐकतंय?

मोठ्या बाबांनी शेंगदाणे चावणं थांबवलं. "सुमेध, ह्या तुझंच ऐकून राहिल्या काय गा?"

दोन पॉइंटने हरलो.

ताई घामाने निथळत आली. आमचं दोघांचं बोलणं तिला कोर्टवर शब्दन्‌शब्द ऐकू गेलं होतं. आधी ती मोठ्या बाबांना म्हणाली, "तुम्ही चड्डीवर बोलता, मले राग येते. पण त्यानं आमचा एक पॉइंट नाही गेला."

मग माझ्याकडे वळली. "तू सगळं खरं बोलला. रोज माझ्यासमोर बसून जेवतो. डावा हात कच्चा आहे, हे मले सांगता नाही आलं तुले?"

एवढा निष्पक्ष न्यायाधीश मी, आणि निकाल गावाला सांगितला, फक्त तिला सोडून.

तेवढ्यात टोपीवाल्या बाई आल्या. "कोणत्या कॉलेजचा रे तू?"

"कोणत्याच नाही. सोडलं."

"म्हणजे मोकळाच आहेस. परवा फायनलला आमच्या बाकावर बसशील?"

कॉलेज सोडल्यापासून मला पहिल्यांदा कोणी कामासाठी विचारत होतं. शेजारी ताई, डोळ्यांत पाणी. मला फक्त नाही म्हणायचं होतं.

मी विचारलं, "किती वाजता यायचं?"