पाचटाच्या जाळावरचं केळवण

आमच्या गावात पाहुणे आले की मटण तरी शिजतं, नाहीतर पुरण तरी. धाकट्या काकूकडे मात्र नूडल्स शिजायच्या. कराडजवळच्या त्या ऊसवाल्या गावात सगळे तिला ‘चायनीज काकू’ म्हणत, आणि ती त्या नावाला खुशाल ओ देई. आम्ही साताऱ्याहून सुट्टीला गेलो, की पदर कमरेला खोचून ती आधी कोबी चिरायला बसायची.

काका फौजेत होते. लग्नानंतर ती त्यांच्याबरोबर आसामातल्या एका छावणीत राहायला गेली. हिंदी येत नव्हती, त्यामुळे काका कामावर गेले की दार लावून रडत बसायची. शेजारी सिक्कीमकडच्या एका हवालदाराची बायको राहत होती. एके दिवशी तिने दार वाजवलं, वाडगाभर गरम नूडल्स काकूच्या हातात दिल्या आणि समोर बसून सगळ्या संपवायला लावल्या. “ती बाई आली नसती, तर मी म्हायेरी पळूनच आले असते,” काकू सांगायची. पुढे तिच्याच चुलीशी बसून ती सगळं शिकली.

तिच्या मते चायनीजचं निम्मं काम जाळाचं. गॅसच्या शेगडीला ती मेणबत्ती म्हणायची. घरामागच्या परड्यात तीन दगडांची चूल मांडून ती उसाचं वाळलेलं पाचट जाळायची. पाचट भडकन पेटतं आणि बघता बघता विझतं, म्हणून कुणीतरी सारखं मुठीमुठीने ते सारत राहावं लागे. लोखंडी कढईतून धूर निघाला की कांद्याची पात, मिरची, ठेचलेलं आलं-लसूण आत पडायचं, आणि आम्ही सगळे ठसकत मागे सरायचो.

काका निवृत्त होऊन गावी आले, आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून त्यांचं आणि आबांचं बिनसलं. आबा म्हणजे आमचे थोरले चुलते, घरातले कर्ते. एकाच आळीत राहून दोघे भाऊ बोलेनासे झाले. माझे वडील मधले. ते दोन्हीकडे जाऊन चहा पीत आणि कुणालाच काही बोलत नसत. मग काका अचानक गेले. आबांनी सगळं पुढे होऊन केलं, खांदाही दिला. पण त्यानंतरही काकूच्या घरात त्यांनी पाण्याचा घोट घेतला नाही. भाऊ जिवंत असताना जे केलं नाही ते आता कोणत्या तोंडाने करायचं, असं त्यांना वाटत असावं.

अशी काही वर्षं गेली आणि माझं लग्न ठरलं. काकूने केळवणाला बोलावलं आणि बेत चायनीजचा असल्याचं जाहीर केलं. थोरल्या काकीने सुचवलं, निदान गोडाचं काहीतरी कर, आबांना हे असलं चालायचं नाही. काकूने ऐकून घेतलं. मग डोक्यावर पदर घेऊन ती स्वतः आबांच्या सोप्यावर गेली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली. “आबा, पोरीचं केळवण हाय. तुमी आल्याबिगर मी चूल पेटवणार न्हाई,” एवढं सांगून परत फिरली. आबा सुपारी कातरत होते. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

त्या दिवशी दुपारीच भात शिजवून तिने परातीत पसरून ठेवला होता. नूडल्स उकडून तेल लावलेल्या, कोबीचे गोळे तळून तयार, भाज्या लांब लांब चिरून ताटात. संध्याकाळ झाली, सगळे जमले, फक्त आबा नव्हते. पोरं भुकेने कुरकुरू लागली. वडील म्हणाले, आपण बसू या, त्यांचं ताट झाकून ठेव. काकू चुलीपाशी बसून राहिली. पाचटाचा भारा बाजूला होता, काडेपेटी हातात होती. मला वाटलं, आता ही रडणार.

मग पुढच्या अंगणातल्या नळावर कुणीतरी पाय धुतल्याचा आवाज आला. आबा होते. काकूने मान वर केली नाही, काडी ओढली. घाईघाईने एका हाताने पाचट सारत दुसऱ्याने ती उलथनं चालवू लागली. आबा सोप्यातून सरळ परड्यात आले. घटकाभर त्यांनी पाहिलं. मग धोतर आवरून तिच्या चुलीसमोर उकिडवे बसले.

“तू कढईकडं बघ,” ते म्हणाले, “जाळाचं मी बघतो.”

साऱ्या पंगतीचं रांधून होईपर्यंत ते उठले नाहीत. आम्ही दारात उभे राहून बघत होतो. धुरात दोघांचंही डोळे पुसणं चाललं होतं, आणि ते धुरामुळेच होतं असं मी खात्रीने सांगू शकत नाही. जेवताना आबांनी नूडल्स बोटांनी उचलल्या, चावल्या आणि म्हणाले, “शेवयाच की ह्या. तिखट लय हायत.” आणि पुन्हा ताट पुढे केलं.

गेल्या वर्षी काकूला हृदयाचा त्रास सुरू झाला. मिरजेला दवाखान्यात ठेवलं होतं. आबांना आता नीट चालवत नाही, तरी ते एस.टी.ने येऊन बाहेरच्या बाकावर बसायचे. ती घरी परतली नाही.

तेराव्याचं जेवण झाल्यावर सगळे सोप्यात बसले होते. काकूच्या चांगुलपणाबद्दल प्रत्येक जण काही ना काही बोलत होता.

“इतकी वर्सं मी रुसून बसलो,” आबा म्हणाले, “मला बोलवाय ती एकटीच आली.”

वडिलांनी मान खाली घातली.

साताऱ्यात माझ्या घरी आता जेवणावळ असली की बाकीच्यांना मी फोन करते. ज्याचं कुणाशी तरी बिनसलेलं असतं, त्याच्या दारात मात्र स्वतः जाऊन उभी राहते.