एका चिपची सगळी कामं

शेलूबाजारच्या चौकात राजपालचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. इतकी वर्षं त्याचा खाक्या एकच: तक्रार एक, पार्ट एक. आवाज गेला तर आवाजाचा भाग बघायचा, चित्र गेलं तर चित्राचा. पार्टवर बोट ठेवायचं, चटका बसला की चोर सापडला. पण नीलिमाने आणलेल्या काळ्या डब्याने त्याचं डोकंच फिरवलं.

डबा म्हणजे जुना, घरगुती कॉम्प्युटर. सगळं यंत्र बटणांच्या पाटीतच, पडदा म्हणून घरचा टीव्ही जोडायचा. नीलिमाचे वडील पंजाबराव मेडशीला गणित शिकवायचे, तेव्हा त्यांनी हौसेने घेतला होता. आता गुरुजींचं विसरणं इतकं वाढलंय, की पोटच्या मुलीलाच ‘बाई’ म्हणतात. तिचं नाव तोंडातून येत नाही. हा डबा मात्र रोज मागतात.

"त्याच्यासमोर बसले तं मलेबी ओळखतीन, राजपालभाऊ," नीलिमा म्हणाली. त्या एका आशेवर ती त्यांना दुकानात सोबत घेऊन यायची आणि बाकावर बसवायची.

टीव्हीवर चित्र लख्ख येत होतं. पण बटणं चालेनात, आवाजही नाही. राजपालने रीतसर दोन दोष धरले आणि दोन पार्ट शोधायला बसला. बटणांखालची पट्टी बदलली, स्पीकर बदलला. ढिम्म! मग तो सर्किटच्या पट्टीवरच्या तांब्याच्या रेघा धरत निघाला. बटणांच्या रेघा एका चिपपाशी पोचल्या, आवाजाचीही तिथेच, आणि कहर म्हणजे चित्राचीही. चिपवर बोट ठेवलं तर सणसणीत चटका.

आता आली का पंचाईत! चित्र दाखवते म्हणजे चिप चांगली. बटणं वाचत नाही म्हणजे बिघडलेली. बिचारा राजपाल टक्कल खाजवत बसला.

"मले काईच समजून नाही राह्यलं, ताई," तो म्हणाला. "एकच चिप सारे कामं करते. अर्धी जित्ती, अर्धी मेली. काढली तं चित्रबी जाईन. अन् नवी कुठं भेटतच नाही."

वैतागून त्याने शेजारच्या रसवंतीतून बर्फाचा खडा आणला, पिशवीत घट्ट बांधला आणि चिपवर टेकवला. डोक्यावर ठेवायचा तो चिपवर ठेवला, इतकंच. बटण दाबलं तर टुक! पडद्यावर अक्षर.

"गुरुजींले बसवा, ताई! बर्फ हाय तवरक!"

गुरुजी समोर बसले आणि त्यांची बोटं झराझरा चालू लागली. कोणत्या बटणाने हुकमाचा अख्खा शब्द उमटतो, हे त्यांना अजून पाठ होतं. त्यांनी प्रोग्रॅमच्या दोन ओळी लिहिल्या, शेवटचं बटण दाबलं, आणि पडदा वरपासून खालपर्यंत इंग्रजी अक्षरांनी भरून गेला. नीलिमा, नीलिमा, नीलिमा. तळाशी यंत्राने विचारलं, पुढे सरकवू का?

नीलिमाला हुंदका आवरेना. गुरुजी कौतुकाने तिच्याकडे वळले.

"माह्या पोरीचं नाव हाय, बाई. चौथीत हाय. शाळेतून येईनच आता, तिले दाखवाचं हाय."

"बाबा, मीच…" ती म्हणू लागली, पण ते केव्हाच पडद्याकडे वळले होते. पुढे सरकवायला त्यांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पिशवीत आता नुसतं पाणी होतं. बटणं बंद पडली, पण नावं एकही न हलता जागच्या जागी होती.

"चिप तापून राह्यली, ताई. बंद करू काय?"

"नोका करू." नीलिमाने डोळे पुसले आणि स्टूल ओढून वडिलांच्या शेजारी बसली. "मीबी थांबते, गुरुजी. येऊ द्या तिले."

गुरुजींनी मान डोलावली. डबा दुरुस्त झाला म्हणायचा की नाही, हे राजपालला काही केल्या कळेना. पिशवीतलं पाणी रस्त्यावर ओतून तो पुन्हा बर्फ आणायला निघाला.