शेठचा सा

आमच्या शेठइतका बेसूर माणूस अख्ख्या महाराष्ट्रात दुसरा नसेल. हे मी उगाच म्हणत नाही. ऑर्केस्ट्राच्या साउंडवर माझी उमेदीची वर्षं गेली आहेत आणि स्टेजवर हौशी पुढाऱ्यांपासून नवरदेवाच्या मामांपर्यंत सगळ्यांना माइक देऊन झाला आहे. पण ती मंडळी निदान सुराच्या आसपास कुठेतरी हिंडत असायची. शेठनी सरगमचा पहिला सूर, म्हणजे साधा सा लावायला तोंड उघडलं की तो सा घाटात ब्रेक गेलेल्या जीपसारखा सुटायचा, आणि वाटेत येईल त्याला घेऊन खाली जायचा. त्यांचा आवाज मोठा, छाती भरलेली, दम भरपूर. नव्हता तो फक्त सूर. आणि हाच माणूस अक्कलकुव्याच्या बाजारपेठेत, भांड्यांच्या दुकानामागच्या गोदामातून, राज्यभरच्या संगीतशिक्षकांना ऑनलाइन तयार करण्याचा धंदा चालवतो. चालवतो म्हणजे झोकात चालवतो.

मी मूळचा चंदगडचा. राज्याच्या नकाशात ते एक टोक आणि हे दुसरं. सातवीनंतर शाळेने माझी वाट पाहणं सोडलं, मी स्पीकर उचलायला लागलो आणि उचलता उचलता साउंड शिकलो. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात आमचा ऑर्केस्ट्रा आला तो तिथेच मोडला. मालक सकाळी गाडी घेऊन चहाला म्हणून गेला तो गेलाच, आणि मी तापीच्या काठावर एक मिक्सर नि दोन स्पीकर घेऊन बसून राहिलो. शेजारी शेठचा भांड्यांचा स्टॉल होता. त्यांनी आधी माझ्यासमोर पोह्यांची बशी ठेवली, मग मिक्सरवर बोट ठेवून इकडच्या अहिराणीत विचारलं, "या डब्बामा टाकं तं आवाज सुधरस का?" म्हटलं, थोडा सुधारतो. "थोडा बी पुरे शे," शेठ म्हणाले, आणि परतीच्या टेम्पोत परातींच्या गठ्ठ्याशेजारी मला बसवलं. तेव्हापासून मी इथे आहे. लोक मला 'ऑडिओ हेड' म्हणतात. ते ऐकलं की अजूनही वाटतं, कोणीतरी मागून येऊन विचारणार, हा सातवीवाला इथे कसा? शेठनी नुसतं "अठे ये" म्हटलं तरी मी मनातल्या मनात सामान बांधायला लागतो, मग ते चहाला का बोलवत असेनात.

धंद्याचा जन्म एका परत आलेल्या हार्मोनियममधून झाला. दुकानात ताट-वाट्यांच्या पलीकडे एका फळीवर टाळ, घुंगरू, ढोलकी आणि दोन-चार पेट्या असतात; गावोगावच्या शाळा त्या नेतात. असेच एक मास्तर पेटी घेऊन आले. वाजत नाही म्हणाले. मी भाता मारून पाहिला, पेटी ठणठणीत. मास्तरांचे कान लाल झाले. ते गणिताचे होते, गणपतीत एकदा टाळ धरला एवढ्या पुण्याईवर हेडमास्तरांनी त्यांच्या गळ्यात संगीताचा तास घातला होता. दुकानात उभी असलेली गिऱ्हाइकं हसली, शेठ हसले नाहीत. मास्तरांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नंतर मला म्हणाले, "कढई ईकी तं कांदा कव्हय टाकना ते बी सांगनं पडस." पेटी विकली तर ती शिकवायलाही हवी, म्हणून पुढच्याच महिन्यात गोदामाच्या कोपऱ्यातून कुकरची खोकी हलली, तिथे एक कॅमेरा, दोन दिवे आणि मी बसलो.

हा धंदा वाढला कसा हे कोणा शिकलेल्या माणसाने लिहायला हवं, मला जमेल तसं सांगतो. शेठनी जाहिरात अशी केलीच नाही. कोर्स पुरा करणाऱ्या शिक्षकाला सगळे जण कागदाचं प्रमाणपत्र पाठवतात. शेठ स्टीलचा जेवणाचा डबा पाठवतात, वर मशीनने नाव कोरलेलं, नावाखाली 'संगीतशिक्षक'. "कागद कपाटमा जास, डबा रोज टेबलवर येस," हे त्यांचं म्हणणं. आणि खरंच, मधल्या सुट्टीत डबा उघडला की शेजारचा शिक्षक विचारतो, हे काय कोरलंय? की आमच्याकडे नवा फोन. शिवाय दर रविवारी शेठ स्वतः एकेका शिक्षकाला फोन लावतात, "काय मास्तर, पोरे गाई ऱ्हायनात ना?" म्हणून. देवगडकडच्या एका बाईंना पहिले दोन महिने वाटत होतं, कंपनीने गुजराती मॅनेजर नेमला आहे. आता त्या शेठशी फाडफाड अहिराणी बोलतात. राग यमन मात्र अजून त्यांच्याशी तितका बोलत नाही.

पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शेठची परीक्षा. आमच्याकडे कितीही नावाजलेला गुरू पाठ द्यायला येवो, त्याने तो पाठ आधी शेठना शिकवायचा. शेठना कळला तर पाठ नेटवर चढवायचा, नाही कळला तर पुन्हा करायचा. "जो माले शिकाडी तो दुन्याले शिकाडी," हा नियम. शेठाणी घरात मारवाडी बोलतात, पण टोमणा मारायचा तर खास अहिराणीत, म्हणजे गिऱ्हाइकांनाही कळावा. शेठचा सराव सुरू झाला की त्या गल्ल्यावरून ओरडायच्या, "तुम्हनापेक्षा कुकर बरा! तो तीन शिट्ट्या मारीसन थांबस तरी!"

यामागचं कारण शेठनी मला एकदा पराती पुसता पुसता सांगितलं, अगदी सहज, भाव सांगावा तसं. शाळेत झेंडावंदनाच्या गाण्याची तयारी चालू होती. शिक्षक रांगेतून कान देत फिरत आले, शेठपाशी थांबले आणि म्हणाले, तू गाऊ नकोस, नुसते ओठ हलव. त्या दिवसापासून शेठ ओठच हलवत आले. देरासरात, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, स्तवन चालू असताना ओठ, मुलीच्या लग्नात ओठ. गोदामात शिकताना गायचे तेवढंच, चार माणसांत कधी नाही. मनातून त्यांना एकच हवं होतं, एकदा मोठ्याने सुरात गायचं. म्हणून आमच्या कोर्सची पहिली अट पैशांची नाही, वेळेची नाही. 'ओठ हलव' असं कोणत्याही मुलाला सांगणाऱ्या शिक्षकाला आमच्याकडे डबा नाही.

या परीक्षेत पुण्याचे एक बुवा सापडले. मोठा अधिकार, पांढरीशुभ्र दाढी, मागे दोन तानपुरे. त्यांनी पहिल्या गुरुवारी व्हिडिओवर शेठना सा दिला आणि परत मागितला. शेठनी परत केला. बुवांचा चेहरा गेला, मग चित्र गेलं. थोड्या वेळाने निरोप आला, नेटवर्क गेलं. शेठ म्हणाले, "नेटवर्क नही, धीर गया." मला वाटलं संपलं. पण पुढच्या गुरुवारी बरोबर वेळेवर बुवा पुन्हा पडद्यावर, दाढी विंचरून, एखाद्या कुस्तीला आल्यासारखे. "शेठ, मला आठवडाभर झोप नाही. चूक तुमची नाही, माझी शिकवण्याची तऱ्हा कुठेतरी चुकते आहे. बसा." तिथून पुढे दर गुरुवार तो. बुवांनी शेठना डोळे मिटायला लावले, कानावर हात ठेवायला लावले, गिऱ्हाइकाला लांबून हाक मारतात तसा सा मारायला लावला, पाळण्यातल्या नातीला जोजवतात तसा लावायला लावला. आणि प्रत्येक नवी युक्ती बुवा लगेच पाठात घालायचे. आमचे शिक्षक कळवायचे, बुवांचे पाठ काय सोपे झालेत! त्यांना काय माहीत, त्यासाठी इकडे कोण झिजतंय.

आणि एका गुरुवारी, शेठ सा लावत असताना, मला त्यांचा आवाज ऐकूच येईना. मी घाबरलो. माइक गेला, वायर तुटली, आता मीही गेलो, असं म्हणत मिक्सरकडे पाहिलं तर काटा छान नाचत होता. हेडफोन घट्ट केला. माइक चालू होता. शेठचा आवाज तानपुऱ्यात असा मिसळला होता की वेगळा काढता येत नव्हता. पडद्यावर बुवांनी चष्मा काढला. गल्ल्यावरून शेठाणी आत आल्या आणि विचारलं, "कोन गाई ऱ्हायना?" शेठनी डोळे उघडले. "काय झायं? माइक गया का?"

"नाही शेठ," मी म्हटलं. "सा लागला."

शेठनी समोरची एक वाटी उचलली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि होती तिथे ठेवली.

त्यानंतर त्यांना कोण आवरणार! देरासरात मोठ्याने गायला लागले. पहिल्या दिवशी पुढची सगळी माणसं वळून बसली म्हणे. भाजीवालीला "तुन्हा कोथिंबीर शब्द जरासा चढस" असं सांगू लागले. मोटारसायकलचे हॉर्न त्यांना खुपायला लागले. आणि हळूहळू आमच्या फोनवर तक्रारी यायला लागल्या. नवे पाठ कळत नाहीत, फार भरभर जातात. दोन शाळांनी तर सांगितलं, पुढच्या वर्षी नको. मला कळेना, बुवा तेच, कॅमेरा तोच, मग बिघडलं कुठे? शेठना मात्र कळलं. गादीवर मांडी घालून, तोंड पाडून म्हणाले, "मन्हा कान सुधरी गया. माले आते सगळंच समजस. परीक्षा कोन दी? धंदा कसा व्हई?"

मग बाजारात बेसूर माणसाचा शोध सुरू झाला. चहावाल्याला विचारलं तर त्याने तीन दिवस चहा पातळ दिला. डोंगरातून सरपण घेऊन येणाऱ्या एका आजोबांना गायला लावलं, तर त्यांनी असं गाणं म्हटलं की शेठच ऐकत राहिले आणि मोळीला गिऱ्हाईक बघून देतो म्हणाले होते, तेही विसरले. एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. "अठे ये. बठ. बोलनं शे."

मी बसलो. पाठ चालत नाहीत, शाळा सुटतायत, ऑडिओ हेड लागतो कशाला? चंदगडची गाडी कुठून मिळते, याचा विचारही करून झाला. शेठ म्हणाले, "एखादं गानं म्हन."

"शेठ, मी साउंडवाला. मी आयुष्यात गायलो नाही."

"म्हन रे भो."

मी म्हटलं. दोनच ओळी. गुरुवार होता, पडद्यावर बुवा होते. त्यांनी तानपुऱ्याच्या तारांवर हात ठेवून त्या बंद केल्या. आणि शेठ, ज्यांचा कान आता तयार झाला होता, त्यांचं तोंड कडू औषध प्यायल्यासारखं झालं. हात वर गेला. "तू नुसतं..." एवढं त्यांच्या तोंडून निघालं आणि ते थांबले.

शेठनी वर गेलेला हात खाली घेतला, त्याच्याकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कोणाचा होता. मग उठले, फिरून माझ्या बाजूला आले, माझ्या खोक्याशेजारी खोकं ओढून बसले, गुडघ्याला गुडघा लागेल असे. "आखो म्हन," ते हळू म्हणाले. "जोरमा. भिऊ नको. मी शे ना."

मी पुन्हा सुरू केलं. शेठ माझ्याबरोबर गायला लागले, मला धरून ठेवावं म्हणून मोठ्याने, मान हलवून. आणि मी त्यांच्याकडे ओढला जाण्याऐवजी तेच माझ्याकडे ओढले गेले. दुसऱ्या ओळीला त्यांचा एवढ्या कष्टाचा सा सुटला आणि आम्ही दोघे मिळून असे काही गेलो की शेठाणींनी बाहेरून कुकरचं नाव घेतलं. शेठना कळलं ते. थांबले नाहीत. गाणं संपवूनच थांबले. पडद्यावर बुवा दाढीतून हसत होते. "ठीक आहे," ते म्हणाले, "पुढच्या गुरुवारपासून दोघेही बसा."

आता परीक्षा मी देतो. पाठ पुन्हा सोपे झालेत, त्या दोन शाळांपैकी एक परत आली आहे. शेठ शेजारी बसतात. कधी त्यांचा सा लागतो, कधी माझ्यापायी सुटतो, पण एकट्याला गाऊ देत नाहीत. रविवारी आईचा फोन येतो, घरी कधी येतोस म्हणून. सा लागला की येतो, मी सांगतो. तिला वाटतं ही कसली तरी मोठी परीक्षा आहे, ती देवाला नवस बोलते. मला घरी जायचं आहे, अगदी मनापासून. पण परवा तानपुऱ्याशी क्षणभर आवाज जुळल्यासारखा वाटला, तेव्हा शेठ कौतुकाने माझ्याकडे वळून पाहायच्या आधीच मी खोकून घेतलं.