तुफान आणि न्यू तुफान

पाच फेब्रुवारी. शेंगा भाजून चटणी कुटायची होती. भाजलेल्या शेंगा परातीत गार होईपर्यंतच्या वेळात मी दोन बँड ठरवले, एक घोडा ठरवला आणि माझ्याच नवऱ्याची वरात निघेल अशी चोख व्यवस्था करून आले. (शेंगा उत्तम भाजल्या गेल्या. हे मुद्दाम सांगते, कारण त्या दिवशी बरोबर झालेलं काम तेवढं एकच!)

त्याचं असं झालं. आमच्या पेठेतल्या आम्ही काही बायका दवाखान्यातल्या पेशंटच्या नातेवाईकांना रोज संध्याकाळी जेवण पोचवतो. जेवण नेणारा टेम्पो इतका थकला होता की भाकरीच्या टोपल्या तो नेतोय की टोपल्यांसकट त्याला आम्ही नेतोय, हे बघणाऱ्याला कळत नसे. नवा टेम्पो हवा होता. आमची लेक प्राजक्ता म्हणाली, "मैदानात गाण्यांचा कार्यक्रम करू, तिकीट लावू."

प्राजक्ता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि गिटार वाजवते. ती, ड्रम बडवणारी तिची मैत्रीण समीना आणि आणखी दोघी अशा चौघींचा मिळून बँड आहे. नाव ‘पंचेचाळीस अंश’. (सोलापुरात राहून दुसरं काय सुचणार?) सात रस्त्याजवळ आमचं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. त्याच्या मागच्या गोदामात ह्या पोरी दोन वर्षं वाजवत होत्या. श्रोते म्हणजे चौकडीच्या फ्रॉकचे गठ्ठे. आमचे हे तेवढा वेळ कानात कापूस घालून गल्ल्यावर बसायचे. गिऱ्हाइकानं बावीस नंबर मागितला की अठ्ठावीस काढून द्यायचे.

माणसांसमोर वाजवायची पोरींची ही पहिलीच वेळ.

"पप्पांनी एक गाणं पूर्ण ऐकावं, मम्मी," प्राजक्ता म्हणायची. "एकच. कापूस काढून."

पण मध्येच तिची परीक्षा आली. ती पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "मम्मी, तू फक्त लोकल बँड बघ. दोन पुरेत. शेवटी आम्ही वाजवतो."

"लोकल म्हणजे?"

"आपल्या गावातले गं. पुण्याहून नाही आणायचे."

पुण्याहून कशाला आणायचे, हेच मला कळेना. आमच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत बँडची ओळीनं दुकानं आहेत! दर्शनी भागात ढोल टांगलेले, बाकड्यावर मास्तर बसलेले. शेंगा परातीत पसरल्या, वर फडकं टाकलं आणि निघाले.

पहिलं दुकान ‘तुफान ब्रास बँड’. मालक सिद्राम मास्तर, साठीचे, क्लॅरोनेट वाजवून वाजवून गाल कायमचे फुगलेले.

"वरात कुटनं निगणार, अक्का?"

"वरात नाही, मास्तर. मैदानात एका जागी उभं राहून वाजवायचं."

"हुबं ऱ्हाऊन?" मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांना झोपून वाजवा म्हटलं होतं. "चालायचंच न्हाय?"

"नाही."

"लई अवघड हाय की मग."

पण काम कशासाठी ते सांगितल्यावर त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "दवाखान्यात आमी बी तुमची भाकरी खाल्लीया, अक्का. त्या दिवशी मुहूर्त बी न्हाय. येतो. घोडा किती वाजता आणू?"

"घोडा कशाला?"

"बँडमधी घोडा धरलेलाच असतो की. त्येचं येगळं काय न्हाय."

वेगळं काही नाही म्हटलं की माझ्या तोंडून नकार निघत नाही. एकावर एक फुकट म्हणून मी एकदा डाव्या पायाचे दोन बूट घरी आणले आहेत. म्हटलं, "आणा घोडा."

समोरच्या दुकानावर पाटी होती ‘न्यू तुफान ब्रास बँड’. मालक मल्लिनाथ, सिद्राम मास्तरांचा धाकटा भाऊ. दोघांचं बरीच वर्षं बोलणं नव्हतं. जे काही म्हणायचं ते वाजवून म्हणायचे.

"आजून कोन हाय कार्यक्रमात?" मल्लिनाथनं विचारलं.

"तुमचे थोरले बंधू."

"त्यो येतोय?" मल्लिनाथ उभा राहिला. "मग आमी येतोच!"

माझा ऊर भरून आला. म्हटलं, चांगल्या कामासाठी भाऊ भाऊ एकत्र येतायत. (माणसं ओळखण्यात मी अशी हुशार!)

घरी येऊन शेंगा सोलत बसले. प्राजक्तानं आतून विचारलं, "झालं का बँडचं?"

"दोन पक्के. तुफान आणि न्यू तुफान."

"भारी नावं आहेत गं! कधी ऐकले नाहीत. कुठे वाजवतात?"

"गल्लीबोळात."

"म्हणजे अंडरग्राउंड!"

"नाही गं, रस्त्यावरच."

"किती जण आहेत?"

"एकेकात अठरा तरी असतील."

"अठरा?" प्राजक्ता पुस्तक हातात घेऊनच बाहेर आली. मग आदरानं म्हणाली, "फ्यूजन असणार."

मी म्हटलं, "असेल." फ्यूजन म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, पण शेंगा सोलताना वाद घालू नये. दाणे सांडतात.

कार्यक्रमाच्या दिवशी शाळेचं मैदान खच्चून भरलं. मैदान आठपर्यंतच मिळालं होतं. आठ वाजले की मेन स्विच काढणार, असं शाळेच्या वॉचमननं येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाला बजावून ठेवलं होतं. हे पहिल्या रांगेत पांढराशुभ्र शर्ट घालून, कापूस घालून तयार! प्राजक्ता आणि समीना स्टेजवर वायरी जोडत होत्या. इतक्यात पुढच्या फाटकातून लाल कोट, सोनेरी झालरी आणि पिसांच्या टोप्या आत आल्या. मागे नटवलेला घोडा. कोटांच्या कॉलरी तिरक्या शिवल्यात, हे मला लांबूनच दिसलं. बाकी मला काहीच वावगं दिसलं नाही.

"मम्मी!" प्राजक्ता ओरडली. "हे कोण?"

"तुफान."

"हे बँडवाले आहेत!"

"मग? बँडच सांगितलेलास ना तू?"

"बँड म्हणजे बँड गं! बँडवाले नाही!"

आता ह्या वाक्याचा अर्थ काय, तुम्हीच सांगा. दूधवाल्याकडे दूध असतं, भाजीवाल्याकडे भाजी असते. मग बँडवाल्याकडे काय असायला हवं?

समीना ड्रममागून उठली. "आंटी, ये क्या करके रखे तुम! घोडा बी?"

"घोडा फुकट आहे," मी म्हटलं.

उत्तर द्यायला तिनं तोंड उघडलं, पण ते ऐकू आलं नाही. कारण मागच्या फाटकातून निळ्या कोटातला न्यू तुफान आत शिरला होता आणि थोरल्या भावाला बघताच मल्लिनाथनं ट्रम्पेट तोंडाला लावलं होतं.

आमच्याकडे दोन वराती रस्त्यात समोरासमोर आल्या की काय होतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. न पाहिलेल्यांसाठी सांगते. जो बँड आधी थांबतो, तो हरतो. म्हणून कुणीच थांबत नाही. नवरदेव घामाघूम होतात, मुहूर्त टळतो, ट्रॅफिक तुंबतं, पण बँड वाजतच राहतो. इथे तर ट्रॅफिकही नव्हतं. लाल कोट एक गाणं वाजवत होते, निळे कोट दुसरं, आणि दोन्ही मिळून जे तिसरं तयार होत होतं ते ऐकून शाळेच्या छपरावरची कबुतरं कायमची गेली. पोरंसोरं नाचत होती. आमच्या मंडळातल्या भाकरी थापणाऱ्या बायकाही नाचत होत्या. तासभर गेला. साडेसात वाजून गेले. स्टेजवर प्राजक्ता गळ्यात गिटार अडकवून नुसती उभी होती.

मी जवळ गेले. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "एकच गाणं होतं, मम्मी."

मग मी पदर खोचला आणि दोन्ही बँडच्या मध्ये घुसले.

"मास्तर, थांबा आता!"

सिद्राम मास्तरांनी दम घेण्यापुरतं क्लॅरोनेट बाजूला केलं. "त्येला आदी थांबवा!"

मी मल्लिनाथकडे पळाले. "तुम्ही तरी थांबा!"

"त्यो थोरला हाय. थोरल्यानं आदी थांबावं!"

मी चार वेळा इकडून तिकडे गेले. लोकांना वाटलं, मीही नाचतेय. कुणीतरी शिट्टी वाजवली.

शेवटी घोडेवाल्याला माझी दया आली. तो माझ्या कानात ओरडला, "अक्का, वरात अशी थांबत नसती! नवरदेव मांडवात उतरवा. नवरदेव उतरला की बँड बंद. दोनी बी! त्यात कुनाला कमीपना न्हाय!"

"नवरदेव कुठून आणू?"

घोडेवाल्यानं पहिल्या रांगेकडे बघितलं. मीही बघितलं. पांढराशुभ्र शर्ट.

"अहो, उठा!"

"काय?"

"घोड्यावर बसा!"

"काय?" (कापूस!)

मी हातानं उठायची खूण केली. कार्यक्रम संपला असं समजून हे मोठ्या आनंदानं उठले. पुढच्या क्षणी चार लाल कोटांनी त्यांना उचलून घोड्यावर ठेवलं. स्टेजच्या झालरीचा एक तुकडा मी ओढून काढला आणि त्यांच्या डोक्याला फेटा म्हणून गुंडाळला. पंचावन्नाव्या वर्षी, साखर आणि रक्तदाब सांभाळत, आमचे हे नवरदेव झाले!

घोडा निघाला. हे त्याच्या मानेला मिठी मारून ओरडू लागले, "थांब रे! अरे थांब!"

"मालक, कन्नडमधी बोला!" घोडेवाला सांगत होता. "अक्कलकोटचा हाय त्यो! मराठी कळत न्हाय त्येला!"

कन्नड आमच्या घरचीच, पण संकटात माणूस नेमकी घरची भाषा विसरतो. अर्ध्या मैदानाला फेरी झाल्यावर ह्यांना ती आठवली. "निल्लो! निल्लो!" आणि घोडा थबकला, तो बरोबर स्टेजच्या पायऱ्यांपाशी. नवरदेव दिसताच दोन्ही बँड नकळत त्यामागे आले होते, आणि चालायला मिळाल्यामुळे असेल, पण दोघं एकच चाल वाजवत होते.

"आता ववाळा," घोडेवाला म्हणाला. "सासू कुटं हाय?"

माझी आई नातेपुत्यात, गुडघे धरून बसलेली. तिला आणायला सकाळ झाली असती. मी चहावाल्याचं ताट ओढलं, त्यात मोबाइलची बॅटरी लावून ठेवली आणि माझ्याच नवऱ्याची सासू होऊन त्यांना ओवाळलं.

दोन्ही बँड एकाच ठोक्याला थांबले.

इतकी शांतता झाली की घोडा दचकला. हे खाली वाकून कळवळून म्हणाले, "अगं, गुडघा धरलाय. मला उतरता येत नाही." घोड्यावरच्या हिसक्यांत कापूस केव्हाच उडून गेला होता. मी प्राजक्ताकडे बघून हात केला. समीनानं काड्या आपटल्या, आणि ‘पंचेचाळीस अंश’ सुरू झाला.

मला गाण्यातलं फार कळत नाही. पण त्या चौघी एकदाही चुकल्यासारख्या वाटल्या नाहीत आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. ह्यांनी अख्खं गाणं ऐकलं. दुसरा इलाज नव्हता, घोडा हलत नव्हता! गाणं संपलं आणि पाठोपाठ वॉचमननं स्विच काढला. अंधारात ह्यांचा आवाज आला, "प्राजू, गोदामात वाजवता ते हेच?"

"हो, पप्पा."

"मग बरं आहे की! मला रोज वेगळंच ऐकू यायचं."

सिद्राम मास्तर टोपी काढून मला म्हणाले, "पोरगी झ्याक वाजवती, अक्का. जरा चालायला पायजेल फकस्त."

नव्या टेम्पोपुरते पैसे जमले. ह्यांना खाली उतरवायला मात्र लाल आणि निळे दोन्ही कोट लागले. अक्कलकोटच्या एका कॉलेजनं पोरींना पुढच्या महिन्यात वाजवायला बोलावलं. आणि ह्यांच्या फेट्यातल्या फोटोमुळे माझ्या नणंदेनं फोन करून मला अर्धा तास धीर दिला. "वहिनी, माहेरी जाऊ नका, आम्ही दादाला समजावतो!"

घरी आल्यावर प्राजक्ता माझ्या गळ्यात पडली. मग बाजूला होऊन म्हणाली, "मम्मी, अक्कलकोटला बँड मी बघते. स्टेज मी बघते. तू कशातच पडू नकोस. फक्त पाण्याचं बघ."

एवढं सोपं काम मी रेंगाळत ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकानाचं शटर उघडायच्या आधीच, करून टाकलं. घरी येऊन सांगितलं, "झालं गं पाण्याचं."

"व्वा! किती बाटल्या सांगितल्यास?"

मी चहा गाळत राहिले.

"मम्मी, किती?"

"दहा हजार लिटर," मी म्हटलं. "टँकरवाला म्हणालाय, रस्ता रुंद असेल तर थेट स्टेजपर्यंत आणतो."