मधला ‘नाही’

इंग्रजीच्या बाईंना अख्खी शाळा मागून ‘परत-ऐका बाई’ म्हणायची, आणि हे बाईंना ठाऊक होतं. म्हणेनात का! श्रवणाच्या तासाला त्या फोनला स्पीकर जोडून इंग्रजी संभाषण लावायच्या, प्रश्न विचारायच्या, आणि उत्तर चुकलं की एकच वाक्य ठरलेलं, “परत ऐका.”

हा शुक्रवारचा शेवटचा तास गणिताच्या सरांच्या डोळ्यांत सलत होता. “नुसतं ऐकायला तास कशाला? कान काय, देवाने दिलेत की!” असं ते मुख्याध्यापकांकडे जाऊन सांगत. त्यात सहामाहीत नववीने दिवे लावले. बाईंच्या धाकट्या जावेने, दवाखान्यात स्वागतकक्षात असते ती, तिच्या भरभर इंग्रजीत एक निरोप बोलून दिला होता: डॉक्टर गुरुवारी भेटू शकत नाहीत. बेचाळीस पोरांपैकी एकोणचाळीस जणांनी लिहिलं, भेटू शकतात! मुख्याध्यापक म्हणाले, “बाई, महिनाभरात मी स्वतः परीक्षा घेईन. जमलं तर ठीक, नाहीतर तास गणिताला.”

बाई घरी आल्या त्या तणतणतच. भाजी चिरता चिरता जावेचं ते एकच वाक्य लावत बसल्या. पस्तिसाव्या वेळी नवरा कळवळून म्हणाला, “अगं, भेटणार की नाही ते एकदाचं सांग त्या डॉक्टरला!”

बाईंची सुरी थांबली. भेटणार की नाही! आपला ‘नाही’ कसा शेवटी येतो, ऐसपैस बसतो. पोरं बिचारी वाक्य संपेपर्यंत त्याची वाट बघत राहतात आणि इंग्रजीतला ‘नाही’ मधल्यामध्ये निसटून जातो. ‘कॅन्ट’मधला ‘ट’ तर जाऊबाई गिळूनच टाकते. मग ओळखायचा कशावरून? बाईंनी पुन्हा लावलं, आणि या वेळी अक्षरं सोडून नुसता जोर ऐकला. होकाराचा ‘कॅन’ घाईत ‘कन’ होऊन पळतो, जोर पडतो पुढच्या क्रियापदावर. नकाराचा ‘कॅन्ट’ मात्र पाय रोवून उभा राहतो. “सापडला मेला!” बाई ओरडल्या. नवऱ्याला वाटलं उंदीर.

सोमवारी त्यांनी वर्गाला बजावलं, “ट शोधायचा नाही. आवाज जिथे जड होतो तिथे बाकावर टिचकी मारायची.” पहिल्या दिवशी नुसता ताशा वाजला. शेजारच्या वर्गातून तक्रार आली. पण बाई हटल्या नाहीत. जाऊ, औषधवाला, बँकेतली मैत्रीण, सर्दी झालेला दीर, सगळ्यांना धरून धरून त्यांनी इंग्रजी बोलायला लावलं. तिसऱ्या आठवड्यात बेचाळीस टिचक्या एकदम पडायला लागल्या. बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

परीक्षेच्या दिवशी मुख्याध्यापक आपलाच फोन घेऊन आले. “तुमच्या ओळखीचे आवाज नकोत. हा माझ्या भाच्याचा कालचा निरोप. तो आता निरोपसुद्धा इंग्रजीतच पाठवतो. प्रश्न एकच, शनिवारी तो येतोय का?”

निरोप वाजला. भाचा भलताच घाईत होता. टिचक्या पडल्या, टक्! पोरांनी कागद दिले. मुख्याध्यापक एकेक कागद बघत गेले, तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

“सगळे चूक! एकूण एक पोराने लिहिलंय, येणार नाही. अहो, तो येतोय. मी घरी सांगूनसुद्धा ठेवलंय!”

बाईंना वाटलं, तास गेलाच म्हणायचा. पण टिचकी त्यांनी स्वतः ऐकली होती, आणि ती ‘कॅन्ट’वर पडली होती. बेचाळीस पोरं एकदम चुकायला ती काय मेंढरं आहेत?

“सर,” त्या म्हणाल्या, “परत ऐका.”

कुणीतरी फिसकन हसलं. मुख्याध्यापकांनी परत ऐकलं. आणखी एकदा ऐकलं. मग वैतागून त्यांनी भाच्यालाच फोन लावला, तोही स्पीकरवर.

“शनिवारी येतोयस ना रे?”

“मामा, कालच तर सांगितलं, नाही जमत म्हणून. घाईत आहे, नंतर फोन करेन.”

पोरांनी जल्लोष करायला तोंडं उघडली होती, बाईंनी नुसत्या डोळ्यांनी ती मिटवली. मुख्याध्यापकांनी कागदांचा गठ्ठा नीट करून बाईंच्या हातात दिला. “तास तुमचाच राहील,” ते म्हणाले, आणि निघाले. बाई दारापर्यंत सोबत गेल्या. तिथे ते थांबले.

“बाई, मागच्या महिन्यातही त्याचा असाच निरोप आला होता. हिने सगळं त्याच्या आवडीचं केलं होतं. रात्रीपर्यंत जेवायचे थांबलो आम्ही, आणि मी त्याला नाही नाही ते बोललो.”