केबल गेली त्या दुपारी

लग्न होऊन मी वसमतला आले तेव्हा आमच्या ह्यांचं व्हिडिओ पार्लर होतं. मग केबल आली, गच्चीवर छत्र्या उभ्या राहिल्या आणि गावाने टीव्हीवर काय बघायचं ते आमच्या माडीवरच्या खोलीत ठरू लागलं. एवढ्यावर भागलं असतं, पण ह्यांना कबड्डीचं भारी वेड. स्वतःला खेळता येत नव्हतं, म्हणून हे संघाचे मालक झाले. खेड्यापाड्यांतून पोरं निवडली, त्यांना पगार लावला आणि सगळी पलटण आमच्या मागच्या खोलीत आणून ठेवली. हौस ह्यांची, हात माझे भाजायचे.

पोरं गुणाची होती, पण तोंडावर मी तसं कधी म्हटलं नाही. "वैनी, अजून येक भाकर" म्हटलं की मी करवादायची आणि दोन वाढायची. शेवटी जीव मेटाकुटीला आला. ह्यांना म्हटलं, "हिंगोलीवाल्यांसंग फायनल हाये ना? जिंकले तर ऱ्हाऊ द्या. हरले तर मला खोली रिकामी पाहिजे." हे मुकाट्याने "बराबर" म्हणाले. पोरांनीही ऐकलं असावं. त्या दिवशी जास्तीची भाकर कोणी मागितली नाही.

फायनल आमच्याच गावात, भर दुपारी. पण हे पडले केबलवाले! मैदानावर कॅमेरा लावला आणि सामना घरबसल्या बघा म्हणून आधी आठवडाभर टीव्हीवर जाहिरात केली. मग काय, अख्खं गाव पंख्याखाली आणि मैदान ओस. ट्रक भरून आलेले हिंगोलीवालेच तेवढे ओरडत होते. मी शेजारणींबरोबर टीव्हीसमोर बसले होते. आमचा एक पोरगा बाद होऊन बाहेर बसला, त्याने रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मी उठले, माडीवर गेले आणि सगळ्या मशिनी बंद केल्या.

केबल गेली की आमच्या दारात येऊन भांडायचं, ही गावाची रीतच होती. घटकाभरात ओटा माणसांनी भरला.

"काहून बंद केली? ऐन टायमाला?"

"मला काय इचारता? मालक मैदानावर हायेत. तिथं जाऊन भांडा."

माणसं तणतणत निघाली, त्यांच्यामागे मीही. मैदानाच्या दोरीपाशी पोचल्यावर भांडण कुणाला आठवतंय? असा गलका उठला की आमच्या पोरांच्या माना वर आल्या. मग त्यांनी काय पकडी केल्या! मी बेंबीच्या देठापासून ओरडत होते. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

एका गुणाने हरलो.

घरी येऊन बघते तर पोरं वळकट्या बांधत होती. ह्यांनी अडवलं नाही, कारण मला शब्द दिलेला.

"काहून बांधून राहिले रे?"

"हरलो ना वैनी आमी."

"मंग? हरलेल्यांना भूक लागत न्हाई व्हय? सोडा त्या वळकट्या. जेवा आन झोपा, सकाळी प्रॅक्टिस हाये." मग ह्यांच्याकडे वळले. "आन तुमी आयका. पुढच्या फायनलला कॅमेरा लावाल, तर पुन्हा केबल बंद करीन."

आधी पोरं हसली, मग हे. मी परात पुढे ओढली, तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "वैनी, आज दोन-दोन जास्ती."