राउटरचा नंबर बदलणारी खाला

पनवेलच्या एस.टी. स्टँडमागे सुरैय्या मुकादमचं बारा खोल्यांचं लॉज आहे. उतरणारा माणूस आधी दोन गोष्टी विचारतो, गरम पाणी आणि वायफाय. गरम पाण्याची हमी सुरैय्याखाला देत नाही. वायफायची देते.

ही हमी तिने कमावलेली. नवरा इलियास बावीस वर्षं कुवेतला होता. वायफाय गेलं की नवऱ्याचा चेहरा गेला. दुरुस्तीवाला यायचा, तीन मिनिटं बोटं नाचवायचा आणि निघायचा. चौथ्या खेपेला खालाने त्याला दारातच अडवलं. आधी काय केलंस ते सांग, मग चहा. त्याने सांगितलं, तिने वहीत उतरवलं. इलियास परतून आता दुपारचा गल्ल्यावर पेंगतो, पण खालाचं शिकणं काही थांबलं नाही.

त्या मंगळवारी सव्वादहाला सातव्या खोलीतली मनिषा लॅपटॉप पोटाशी धरून काउंटरपाशी आली. माथेरानच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतली पोर, लॅब टेक्निशियनचा कोर्स पुरा केलेली. अकरा वाजता पुण्याच्या एका रुग्णालयाची ऑनलाइन मुलाखत होती. वाडीत रेंज नाही, वसतिगृह सुट्टीत बंद, म्हणून ती एका दिवसासाठी इथे उतरली होती. लॅपटॉप वसतिगृहाच्या कॉम्प्युटर खोलीतला, मागून आणलेला. मुलाखत मोबाइलवरून देता येणार नाही, असं पत्रात ठळक लिहिलेलं.

“मॅडम, वायफाय जोडलंय म्हणतं, पण काहीच उघडत नाय.”

“मॅडम पलीकडच्या बँकेत बसते. मला खाला म्हण.”

सोफ्यावर चौथ्या खोलीतला पंपविक्रेता इंद्रजीत मोबाइल बघत पसरला होता. लॉजचंच वायफाय भंगार आहे, असं तो मान वर न करता म्हणाला.

“मग तुझा सिनेमा कशावर चाललाय, बाबा?”

इंद्रजीतने मोबाइल छातीवर पालथा घातला. लॉजचं वायफाय ठीक आहे हे त्यातून सिद्ध झालं. मग खालाने आपल्या मोबाइलचं हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडून पाहिला. जोडला गेला, तरी मुका. दोन घरी जेवला नाही, म्हणजे पोट ह्याचंच बिघडलंय, असं म्हणत तिने चष्मा चढवून सेटिंग उघडलं.

तिथे दुखणं सापडलं. एरवी वायफाय येणाऱ्या प्रत्येक यंत्राला आपला एक नंबर वाटून देतं. वसतिगृहात मात्र प्रत्येक लॅपटॉपमध्ये त्याचा कायमचा नंबर आणि तिथल्या राउटरचा नंबर हाताने टाकून ठेवला होता. त्यामुळे हा लॅपटॉप जाईल तिथे वसतिगृहाच्याच राउटरला हाका मारत होता.

“सासरी येऊन माहेरच्या विहिरीवर पाणी भरायला निघालाय बघ हा,” खाला म्हणाली.

उपाय अर्ध्या मिनिटाचा. पण बदल करायला गेली तसा लॅपटॉपने पासवर्ड मागितला. तो वसतिगृहाच्या भगवानसरांना ठाऊक, आणि भगवानसर सुट्टीत गावी, फोन बंद. तीनदा लावून झाला. दहा पस्तीस झाले. मनिषा जिन्याच्या पायरीवर बसली.

“राहू द्या, खाला. जमलं नाय असं कळवते त्यांना.”

“कुणाला काही कळवू नकोस.”

खालाने पुन्हा लॅपटॉपचं सेटिंग उघडलं; नुसतं बघायला पासवर्ड लागत नव्हता. तो हाका मारत होता त्या राउटरचा नंबर तिने तळहातावर लिहिला आणि काउंटरच्या, कॅमेरा-माइक नसलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर लॉजच्या राउटरच्या सेटिंगचं पान उघडलं. पाहुण्याला बदलता येत नसेल, तर घराने बदलायचं. लॉजच्या राउटरनेच तो नंबर घेतला, तर लॅपटॉपच्या हाकेला ओ मिळेल.

इंद्रजीत उठून काउंटरवर वाकला. “एका लॅपटॉपसाठी बारा खोल्यांचं वायफाय पाडणार?”

“बाराही खोल्यांत मुलाखत नाहीये.”

तिचा हात एकदा थबकला, तो कॅमेऱ्यांमुळे. जिन्यातले, दारावरचे चारही कॅमेरे जुन्या नंबरवर बसवलेले, आणि ते पुन्हा कसे जुळवायचे हे तिला माहीत नव्हतं. तिने बटण दाबलं. वायफाय गेलं, काउंटरच्या पडद्यावरचे कॅमेऱ्यांचे चारही चौकोन काळे झाले, वरच्या मजल्यावर दारं उघडली. खालाने जिन्याखालूनच सांगितलं की पाच मिनिटं सब्र करा, चूक माझी आहे. राउटर उठायला तीन मिनिटं लागली. दहा बावन्नला मनिषाच्या पडद्यावर मुलाखतीचं पान उघडलं.

वर सातव्या खोलीचं दार लागलं, आणि खाला बाहेर खुर्ची टाकून बसली. आतून आधी मनिषाचा आवाज अडखळत आला. मग कुणीतरी रक्ताच्या नमुन्याबद्दल काही विचारलं. नमुना वाटेत खराब झाला तर काय कराल, असं काहीसं. त्यावर पोर जी बोलू लागली ती थांबेचना, एकेक पायरी सांगत, न घाबरता. खालाला त्यातलं निम्मं कळलं नाही, पण बोलणारी माहितगार आहे हे कळलं. इंद्रजीत तक्रार घेऊन वर आला होता. तोही पायरीवर बसून ऐकत राहिला.

पावणेबाराला दार उघडलं.

“दुसरी फेरी शुक्रवारी. याच वेळेला.” मग जिना उतरताना मनिषाचं लक्ष काउंटरवरच्या काळ्या चौकोनांकडे गेलं. “खाला, नंबर परत पयल्यासारखा करा. माझ्यापायी तुमचे कॅमेरे बंद हायेत.”

“आणि शुक्रवारी तुझे भगवानसर पुन्हा गायब असले तर? लॉजचा नंबर आता हाच. तू खाऊन घे.”

मनिषा जेवायला गेली. खालाने स्टूल ओढलं, त्यावर चढून दारावरचा कॅमेरा खाली काढला, आणि त्याला नव्या नंबरवर कसं आणायचं ते शोधत बसली.